त्या यादीवर सही करण्याआधी

नमस्कार वकीलताई,

पुण्यातल्या एका जुन्या पेठेत आमचं राममंदिर आहे. सासरच्या पूर्वजांनी बांधलेलं, पुढे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं. सासरे गेल्यावर मी विश्वस्त झाले. सभामंडपाचं लाकूड वाळवीने पोखरलंय, मागची भिंत फुगली आहे. काही भाविकांनी जिल्हा न्यायालयात दावा केला होता. त्यात न्यायालयाने जीर्णोद्धाराचा आराखडा मंजूर करून एका निवृत्त न्यायाधीशांची देखरेख समिती नेमली आहे. आवारातल्या अनधिकृत भोगवटादारांची यादी समितीने आम्हा विश्वस्तांकडून प्रतिज्ञापत्रावर मागवली आहे.

यादी माझ्या चुलत दिरांनी केली. त्यात तीन नावं आहेत. दारातल्या ओट्यावर फुलं विकणाऱ्या मावशी, ज्यांच्या सासूबाईंपासून ते दुकान आहे. गुरवकाकांचा पुतण्या, काका वारल्यापासून पूजेला पगारी पुजारी येतात, पण खोली पुतण्याकडेच आहे. आणि आमच्या जुन्या रखवालदारांची वयस्कर पत्नी, जी जिन्याखालच्या खोलीत एकटी राहते. गल्लीकडच्या दोन ओवऱ्यांत एका व्यापाऱ्याचं पॅकिंगच्या सामानाचं गोडाऊन आहे, पण ते यादीत नाही, कारण त्यांच्याकडे चुलत सासऱ्यांनी विश्वस्त असताना स्टँपपेपरवर करून दिलेला २९ वर्षांचा करार आहे आणि जीर्णोद्धाराला त्यांनी मोठी देणगी जाहीर केली आहे.

दिरांना रामनवमीच्या आत आवार मोकळं हवंय. दिल्लीच्या कालकाजी मंदिरात कोर्टाने सगळ्यांना झटपट बाहेर काढलं, अशी बातमी त्यांनी ग्रुपवर टाकली. नळ तोडला की आपोआप जातील, असंही म्हणाले. माझा हात सहीला धजत नाही. मावशींनी माझ्या लेकीच्या बारशाला स्वतः हार गुंफून आणला होता. देवाच्या दारातून माणसाला हाकलणं पाप नाही का? आणि सही केली नाही तर कोर्टाचा अवमान होईल का?

एक विश्वस्त, पुणे

ताई,

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्याच भीतीपोटी तुम्ही उद्या सही करून बसाल. नाही, अवमान होणार नाही. न्यायालयाला खरी माहिती हवी आहे, तुमच्या दिरांच्या यादीखाली तुमची सही हवी आहे असं नाही. कागद तपासायला मुदत द्यावी असा अर्ज तुम्ही समितीकडे करू शकता. स्वतःचं वेगळं प्रतिज्ञापत्रही देऊ शकता. उलट, यादी अपुरी आहे हे माहीत असून तिच्यावर शपथेवर सही केलीत, तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होईल. न्यायालयीन कामात खोटा पुरावा देण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा आज आहे त्या रूपात ती यादी सही करण्याजोगी नाही.

आणि ती अपुरी आहे हे तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे. फुलवाल्या मावशींवर तुम्ही पोटतिडकीने लिहिलंत आणि गोडाऊन एका वाक्यात उरकलंत. मला मात्र सगळ्यात आधी त्या गोडाऊनबद्दलच बोलायचं आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं, म्हणजे १९५० च्या आपल्या जुन्या पब्लिक ट्रस्ट अ‍ॅक्टचं, कलम ३६ वाचा. न्यासाची स्थावर मिळकत विकायची, बदलायची, बक्षीस द्यायची किंवा बिगरशेती जागा वा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. तशी मंजुरी नसेल तर व्यवहार वैध ठरत नाही. तुमच्या चुलत सासऱ्यांनी २९ वर्षांचा करार केला. त्याला मंजुरी घेतली होती का? घेतली असेल तर तो आदेश न्यासाच्या दप्तरात आणि धर्मादाय कार्यालयात असलाच पाहिजे. नसेल, तर स्टँपपेपर कितीही रुपयांचा असो, त्या दोन ओवऱ्यांवर त्या व्यापाऱ्याचा हक्क जिन्याखालच्या म्हातारीइतकाही भक्कम नाही. ती निदान कुणाला फसवून तिथे आलेली नाही.

दुसरं, करार करताना अनामत किंवा पागडी म्हणून काही रक्कम घेतली असणार. ती न्यासाच्या कीर्दीत जमा आहे का? त्या वर्षाचं लेखापरीक्षण काढून बघा. दर महिन्याचं भाडं बँकेत येतं का, किती येतं, आणि त्या गल्लीत तेवढ्या जागेचा दर आज काय आहे, हेही बघा. हे सगळं तुमच्या दिरांना विचारून कळणार नाही, आणि त्यांच्या वडिलांचाच व्यवहार असल्यामुळे या एका नावाबाबत यादी करण्याचं काम त्यांच्याकडे असायलाच नको होतं. तेवढी एक गोष्ट बैठकीत शांतपणे बोला आणि ठरावबुकात नोंदवून घ्या.

२००७ मध्ये कोचीन देवस्वम मंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देवस्थानांच्या मिळकती कशा हातोहात जातात हे सांगताना कुंपणानेच शेत खाण्याचा उल्लेख केला आहे. विश्वस्त, पुजारी, सेवेकरी यांनीच सांभाळायच्या मिळकती त्यांच्याच संगनमताने जातात आणि त्या जपणं हे न्यायालयांचंही कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा रोख आहे. पेठांमधल्या देवळांची प्रकरणं बघताना मला याचा पुनःपुन्हा प्रत्यय येतो. ओट्यावर फुलं विकणाऱ्या बाईने देवळाची मिळकत गिळल्याचं माझ्या पाहण्यात नाही. गेलेल्या ओवऱ्या, गेलेली आवारं, विश्वस्तांच्या सहीनेच गेली.

कुणी तुम्हाला सांगेल की आयुक्तांची मंजुरी नंतरही मिळते. २०१७ च्या दुरुस्तीने तशी सोय झाली आहे, पण ती अपवादात्मक परिस्थितीसाठी. तो अर्ज त्या व्यापाऱ्याला किंवा न्यासाला करायचा असेल तर खुशाल करावा, आयुक्त ठरवतील. तोवर त्याचं नाव यादीतून गाळण्याचं ते कारण होऊ शकत नाही. देणगीचंही तेच. देणगी देणाऱ्याची जागा सुटते असा कायदा नाही. समितीपुढे हे उघड झालं, आणि ते होणारच कारण दावा करणारे भाविक डोळ्यांत तेल घालून बसले असतील, तर तुम्हा सगळ्या विश्वस्तांवर कलम ४१ड खाली निलंबनाची किंवा काढून टाकण्याची कारवाई होऊ शकते. मिळकत धोक्यात आहे म्हणून कलम ४१ई खाली मनाईचा आदेशही मागता येतो.

एकदा त्या गोडाऊनचं शटर उघडं असताना आत नीट बघून या. खोक्यांची थप्पी कुठवर गेली आहे, थर्माकोल आणि प्लॅस्टिक किती आहे, वायर कशावरून नेली आहे. जुन्या ओवऱ्यांत ती बहुतेक वेळा लाकडी तुळईवर खिळे ठोकून नेलेली असते, मध्येच चिकटपट्टीचा जोड, खाली माल. पलीकडे तुमचा वाळलेला सागवानी सभामंडप. रामनवमीच्या गर्दीत तिथे ठिणगी पडली तर काय होईल याचा विचार करून मला हे लिहितानाही धास्ती वाटते. जागा खाली करण्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. ज्वालाग्राही माल आणि ती वायर आत्ताच काढण्याचा आदेश समितीकडे याच आठवड्यात मागा. त्यासाठी कुणाचाही हक्क ठरण्याची वाट बघायची गरज नाही.

आता मावशी.

न्यासाची जुनी पावतीपुस्तकं बाहेर काढा. पिवळी पडलेली स्थळप्रत, कार्बनची निळी पुसट अक्षरं, कोपऱ्यात न्यासाचा शिक्का. आणि महिन्याच्या त्याच तारखेच्या आसपास, त्याच नावाने, तीच रक्कम देणगी म्हणून लिहिलेली. पेठांतल्या कित्येक देवळांच्या पुस्तकांत मला हेच दिसलं आहे. भाडं लिहिलं तर भाडेकरू होतील म्हणून देणगी लिहायची, ही जुन्या कारभाऱ्यांची रीत. पण न्यायालय पावतीवरच्या एका शब्दावर थांबत नाही. जागा त्यांच्याच एकट्याच्या ताब्यात होती का, दरमहा ठरलेली रक्कम त्या जागेबद्दल घेतली जात होती का, हे बघतं. मावशींच्या सासूबाईंच्या नावाच्या अशा पावत्या १९७३ च्या आधीच्या निघाल्या तर त्या फार मोलाच्या आहेत. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागा वापरण्याच्या चालू परवान्यावर (लीव्ह अँड लायसन्सवर) जो जागेच्या ताब्यात होता त्याला भाडे कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिलेला आहे, आणि दुकानाच्या बाबतीत भाडेकरू वारल्यावर त्यांच्यासोबत तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला तो हक्क पुढे मिळू शकतो. उघडा ओटा ही त्या कायद्याखालची जागा ठरते का, यावर वाद होईल. त्यावर छप्पर, फळ्या, कुलूप आहे का, महापालिकेची मिळकतकराची नोंद कुणाच्या नावाने आहे, वीजमीटर आहे का, यावर बरंच अवलंबून राहील.

त्या भाडेकरू निघाल्या, तर त्या अनधिकृत नाहीत, आणि अनधिकृतांच्या यादीत त्यांचं नाव घालणं हेच चूक आहे. न्यासाची मिळकत आहे म्हणून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आपोआप बाजूला होत नाही. त्याच्या कलम १६ खाली धर्मादाय न्यासाला स्वतःच्या कामासाठी जागेची खरी गरज असेल किंवा पाडून नवं बांधायचं असेल तर ताबा मागता येतो. पण तो लघुवाद न्यायालयात दावा करून, पुरावा देऊन. पाडून बांधायचं म्हटलं तर मंजूर नकाशे आणि पैशांची तजवीज दाखवावी लागते, आणि नव्या बांधकामात भाडेकरूला जागा देण्याचा प्रश्न येतोच. त्यापेक्षा समितीच्या देखरेखीखाली, नोंदणीकृत कराराने मावशींना काम चालू असेपर्यंत तात्पुरती जागा आणि नंतर नव्या आराखड्यात एक फुलांचा गाळा देणं न्यासाला सोपं जाईल. दारात फुलं लागणारच आहेत. आराखडा करणाऱ्या वास्तुविशारदांना आत्ताच सांगितलंत तर गाळा नकाशात बसेल, नंतर नाही.

गुरवांच्या पुतण्याबद्दल मला तुमच्याएवढी हळहळ वाटत नाही. पूजेसाठी दिलेली खोली पूजेबरोबर असते. सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशच्या पुजाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जमिनीचा मालक देव आहे, पुजारी त्याच्या वतीने व्यवस्था पाहणारा, आणि मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचं नाव लावायचं कारण नाही. मात्र एक गोष्ट तपासा. न्यासाच्या कारभाराच्या मंजूर योजनेत किंवा शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीच्या, उताऱ्यात गुरव घराण्याचा वंशपरंपरेचा काही हक्क नोंदलेला आहे का? तो पूजेचा असेल तर पुतण्याने पूजा करायला यावं, नाहीतर खोली सोडावी. काहीच नोंद नसेल तर त्याचं नाव यादीत येतं. पण मूळ दाव्यात त्याला पक्षकार केलेलं आहे का, हे वकिलांना विचारा. ज्याला पक्षकार केलं नाही, ज्याचं ऐकून घेतलं नाही, त्याच्याविरुद्ध मिळवलेला आदेश पुढे अडकतो आणि कामाचे महिने वाया जातात.

आता दिरांच्या त्या बातमीकडे. कालकाजीचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. मुळात तो वाद बारीदारांचा, म्हणजे पाळीपाळीने पूजा करणाऱ्या आणि देवीपुढचं उत्पन्न घेणाऱ्या कुटुंबांचा होता. त्यातून मंदिराची दुरवस्था न्यायालयापुढे आली, निवृत्त न्यायमूर्ती जे. आर. मिधा यांना प्रशासक नेमलं गेलं, पुनर्विकासाचं काम त्यांच्याकडे आलं आणि अनधिकृत दुकानं, राहती बिऱ्हाडं हलवायचे आदेश झाले. पण तिथेही वैध तहबाजारी परवाना, म्हणजे ठरलेल्या जागी बसून विक्री करण्याचा परवाना, असलेला दुकानदार आणि नसलेला दुकानदार असा फरक केला होता, आणि मंदिराच्या उत्पन्नावर हक्क सांगणाऱ्यांनाही कडक शिस्त लावली होती. दिरांनी तो अर्धा भाग ग्रुपवर टाकलेला दिसत नाही. शिवाय दिल्लीत आपला विश्वस्त कायदा लागू नाही की आपला भाडे कायदा नाही. तिथला आदेश इथे जसाच्या तसा चालवता येत नाही.

त्यापेक्षा वृंदावनचं बांकेबिहारी प्रकरण त्यांना वाचायला द्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भोवतालची जमीन घेण्यासाठी मंदिराचा निधी वापरायला परवानगी दिली होती. ऑगस्टमध्ये न्यायालयाने आपलाच तो भाग मागे घेतला, कारण मंदिराशी संबंधित मंडळींचं म्हणणं त्याआधी ऐकलं गेलं नव्हतं, आणि निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला जिथे थांबून पुन्हा ऐकावं लागलं, तिथे तुमच्या तीन नावांच्या यादीला रामनवमीची घाई कशासाठी?

नळ तोडण्याचा विषय तर पुन्हा निघूच देऊ नका. भाडेकरूचं पाणी-वीज तोडणं हा भाडे कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. आणि भाडेकरू नसलेल्या माणसालाही कायद्याची वाट सोडून बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच निघत नाही. म्हणजे जो पुतण्या उद्या सरळ मार्गाने बाहेर जाणार आहे, त्याला तुम्ही स्वतःच्या हाताने परत आणून बसवाल.

पापाचं विचारलंत. मी वकील आहे, पण देवावर माझीही श्रद्धा आहे, म्हणून टाळत नाही. कायद्याच्या नजरेत ती जागा रामाची आहे, आणि देव हा कायम अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मानला जातो, म्हणून त्याच्या मिळकतीची काळजी पालकाने घ्यायची. ते पालक तुम्ही. मावशींवरच्या मायेपोटी रामाची जागा त्यांना बहाल करायचा अधिकार तुम्हाला नाही. तसाच रामाच्या नावावर त्यांचा खरा हक्क बुडवायचाही नाही. मला यात पाप दिसतं ते एकाच ठिकाणी: ज्यांच्याकडे कागद नाही, वकील नाही, देणगी नाही, त्यांची नावं लिहायची आणि ज्याच्याकडे हे सगळं आहे त्याचं गाळायचं. तुमचा हात सहीला धजला नाही तो यामुळेच असणार, आणि त्या हाताचं तुम्ही ऐकलंत याचं मला मनापासून बरं वाटलं.

राहता राहिल्या रखवालदारांच्या पत्नी. त्यांच्या बाजूने कायद्यात मला फारसं काही सापडत नाही. नवऱ्याच्या नोकरीपोटी मिळालेली खोली, नोकरी संपली, पावती नाही. त्यांचं नाव खऱ्या यादीतही राहील. पण यादीत नाव असणं आणि रस्त्यावर येणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर तुम्ही भरून काढू शकता. रखवालदारांची नोकरी किती वर्षांची होती, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी किंवा उपदान (ग्रॅच्युइटी) दिलं गेलं का, हे हजेरीपटावरून काढा. काही देणं राहिलं असेल तर ते न्यासाने द्यायलाच हवं, त्यात उपकार नाही. त्यांचं वय आणि एकटेपण नमूद करून पुरेशी मुदत आणि पर्यायी निवाऱ्याची सोय प्रतिज्ञापत्रातच मागा. समितीवर निवृत्त न्यायाधीश आहेत. विश्वस्तानेच अशी विनंती केली तर ते ती मनावर घेतील असं मला वाटतं. न्यासाच्या निधीतून त्यांच्या भाड्याला पैसे द्यायचे असतील तर आधी समितीची परवानगी घ्या. तुमच्या स्वतःच्या पैशातून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. कधी, कुठे जायचं हे त्यांना बेलिफाकडून कळायच्या आधी तुम्ही समोर बसून सांगा, त्यांच्या माहेरचं किंवा नात्यातलं कुणी असेल तर त्यांनाही बोलावून.

प्रतिज्ञापत्र न्यासाच्या वकिलांकडून करून घेऊ नका, ते सगळ्या विश्वस्तांचे वकील आहेत. स्वतःचा वेगळा वकील बघा. त्यात चारही भोगवटे लिहा: कोण, कधीपासून, कोणत्या कागदावर, किती पैसे, ते कुठे जमा. कोण अनधिकृत हा निष्कर्ष तुम्ही काढू नका, तो समितीला आणि न्यायालयाला काढू द्या. सोबत शेड्यूल वनचा उतारा, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका आणि पावत्यांच्या प्रती जोडा. मूळ पावतीपुस्तकं मात्र कपाटातून एकट्याने हलवू नका. समितीच्या माणसासमोर मोजून, यादी करून मोहोरबंद करायला सांगा, आणि तो अर्ज बाकी सगळ्याच्या आधी द्या.